मिनासची मुकी त्सांबूना

आपला मुलगा मिनास पुन्हा कधी वाजवणारच नाही, ही धास्ती सोफिलाच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. चाळिसाव्या दिवशी ग्रीक बेटावरच्या अख्ख्या ओलिंबोस गावासमोर तिनंच सांगितलं होतं, "मी म्हणेपर्यंत या घरातून सूर निघायचा नाही." रीतच होती ती. नवऱ्याची त्सांबूना, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची फुगवायची पिशवी आणि तिला जोडलेल्या वेताच्या दोन नळ्या, खुंटीवर गेली. बापाच्या हाताखाली शिकलेला मिनास चौतिशीचा; लग्नांत उजाडेपर्यंत वाजवणारा. तो निमूट झाला. बंदरावर सिमेंटची पोती उतरवायची, घरी येऊन मसूर खायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचं.

सोफिलाही थकली होती. तिचे काळे कपडे धुऊन धुऊन करडे पडले होते. पण चारचौघांत दिलेला शब्द मागे कसा घ्यावा, हे तिला सुचत नव्हतं.

सकाळी भट्टीत पाव लावताना आर्खोन्तूला नावाची तिची जाऊ तिला म्हणाली, "संत योहानाची जत्रा पंधरा दिवसांवर आली. पावलोस लिरेच्या तारांवर गज फिरवत एकटाच बसणार. तुझ्या पोराला विचारायची कुणाची छाती नाही, बाई. सगळे तुला घाबरतात."

"मला? मला माझी कोंबडीसुद्धा घाबरत नाही."

"कोंबडीला तू दुखवटा नाही ना लावलास."

सोफिला हसली नाही.

दुपारी घरात कुणी नसताना तिनं त्सांबूना खाली काढली. कातडं तडकू नये म्हणून ती दर शुक्रवारी गुपचूप मिठाच्या पाण्याचा हात फिरवायची. गुडघा धरल्यापासून महिनाभर तेही राहिलं होतं. आता लाकूड झालं असणार, असं धरूनच तिनं हात लावला.

कातडं मऊ होतं. फुंकायच्या तोंडाशी ओल होती. नळ्यांत बसवायच्या, सूर काढणाऱ्या बारीक जिभल्या मात्र जागेवर नव्हत्या. त्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यातल्या डबीत ठेवल्या होत्या.

पहाटे मिनासच्या खोलीतून येणारे लांब सुस्कारे तिला आठवले. पोरगं झुरतंय, असं समजून तिनं कितीदा कूस बदलली होती. तो तर वाजवत होता. आईचा शब्द मोडू नये म्हणून जिभल्या काढून ठेवून, बिनआवाज.

जिभल्यांना तिनं हात लावला नाही. त्या त्यानंच बसवायच्या. मग गुडघ्यावर हात रेटून उठली, बोटांना लागलेलं कातड्याचं मीठ धुतलं आणि पावलोसला फोन लावायला घेतला. रविवारी लिरा घेऊन घरी ये, मी म्हणतेय, एवढंच सांगायचं होतं.