नकाशात नसलेला उंबरा

आमच्या जालन्यातल्या चर्चचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवरची बिशपांची आणि फादरांची नावं वहीत उतरवत होतो, तेवढ्यात धोतरातला एक म्हातारा पायऱ्या चढून आला. चपला काढून तो दारात उकिडवा बसला आणि बोटाच्या पेरानं दगडी उंबरा ठोकून पाहू लागला.

"बराबर हाय अजून," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मीच बसवलाय. केदारखेड्याचा गवंडी मी. नकाशात उंबरा न्हवता. फादर म्हणले, काढून टाक. मी म्हणलो, बिगर उंबऱ्याचं देवाचं घर मी बांधत न्हाई."

"मग?"

"मंग तुमच्यातलीच एक म्हातारी आल्ती. तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला अन् मंग क्रूस केला. फादर म्हणले, ऱ्हाऊ दे."

लहानपणापासून मीही तसाच वाकून आत जातो.

इतिहासात घालायला मी त्याचं नाव विचारलं.

"नाव कशाला? पाटी कोण वाचतं? उंबऱ्याला समदे वाकतेत."

तो गेल्यावर मी बिशपांची यादी दुसऱ्या पानावर ढकलली. पहिल्या पानावर उंबरा घेतला.