जेवत्या माणसाला उठवत नाहीत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी दर दोन वाक्यांनी सांगते, असं मैत्रिणी म्हणतात. सांगणारच. त्याच पदवीवर पुण्यात मला एका सिनेमाच्या लेखनात मदतनिसाचं काम मिळालं. गोष्ट तालुक्याच्या गावातल्या भ्रष्ट पोलीस ठाण्याची. खडकवासल्याच्या अलीकडे एका मंगल कार्यालयात ठाण्याचा सेट उभारला होता.

प्रसंग असा: एका बाईच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेलीय, चोर फौजदाराच्या ओळखीचा, म्हणून तिची तक्रार कोणी लिहून घेत नाही. पटकथेत ती टेबलावर हात आपटून ओरडत होती. मी दिग्दर्शकांना म्हणाले, "सर, ओरडली तर तिला लगेच बाहेर काढतील."

"मग काय करेल? आरती म्हणेल?"

"जेवेल."

माझ्या आईनं हेच केलं होतं. मोटार आमचीच. हवालदार म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. आईनं बाकावर फडकं सोडलं आणि भाकरी काढली. जेवत्या माणसाला उठवत नाहीत, हे हवालदाराला त्याच्याही आईनं शिकवलेलं असणार. ती एक भाकरी आईनं दुपारभर पुरवली.

"मावशी, किती वेळ चावताय?"

"दात न्हाईत, दादा."

दात सगळे शाबूत होते. दिवेलागणीच्या आत तक्रार लिहून झाली.

हे सगळं ऐकून दिग्दर्शक म्हणाले, "एकदाच घेऊ. नाही जमलं तर हात आपटायचे."

म्हणजे आईची गोष्ट एका टेकवर राहणार किंवा जाणार. नटी जेवायला बसली. हवालदार झालेल्या नटाला 'उठा' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडायचा, गप्प व्हायचा. शेवटी त्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. हे कागदावर नव्हतंच.

"ते हात आपटायचं पान फाडा," दिग्दर्शक म्हणाले.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन गेले. थिएटरच्या दारात रखवालदारानं तिची पिशवी तपासली. "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"मग हितंच खाते की," म्हणत आई दारातच बसली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मागे तुंबलेल्या रांगेकडे पाहिलं आणि आम्हाला आत सोडलं.