बाबांचा पत्ता बदलला

टेम्पो सुरू झाला आणि बाबांनी पत्र्यावर थाप मारली. एकच. ड्रायव्हर थांबला. बाबा उतरले, घराचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं आणि येऊन बसले. टेम्पो हलला, पुन्हा एक थाप. या वेळी म्हणे मोटरीचं बटण चालू राहिलं. सारी नोकरी एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. एका घंटीला गाडी थांबते आणि दोन घंट्यांना सुटते, हे त्यांच्या हाताला पाठ. पण दुसरी घंटी द्यायला त्या दिवशी हात काही उठेना. शेवटी गल्लीतल्या बायांनो, तुमच्यातल्याच एकीनं मागून धाडधाड दोन थापा दिल्या, तेव्हा कुठे आम्ही परतवाडा सोडला. कोणी दिल्या ते मला ठाऊक आहे, पण नाव सांगत नाही. बाबा अजून तिच्यावर चिडून आहेत.

तुम्ही सगळ्या रडत होत्या. मीही पदर डोळ्यांना लावला होता. आता लपवून काय करू, मला रडू येतच नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि तो तुम्हाला दिसू नये म्हणून तो पदर होता.

कारण सांगते. धारणीकडच्या दवाखान्यांत मी नर्स म्हणून तीस वर्षं काढली. बदली झाली की क्वार्टर बदलायचं, चावी देऊन पावती घ्यायची आणि पुढच्या गावाला चालायचं. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी जीव कचरायचा, कारण भिंत सरकारची. सुट्टीत परतवाड्याला यायचे ते बाबांच्या घरात, दारावर बाबांचं नाव. लग्न झालं नाही. का नाही झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगता, मी पुन्हा सांगत बसत नाही. तर अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या नावाचं दार ते या नव्या फ्लॅटचं पहिलंच. पहिल्या दिवशी हातोडी घेऊन मी स्वतः दोन खिळे ठोकले, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि खाली बसून नुसती पाहत राहिले.

ही फ्लॅटची स्कीम अमरावती आणि बडनेऱ्याच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. आता आतापर्यंत इथं शेतात कपाशीची पऱ्हाटी उभी होती. आज चार बिल्डिंगी आहेत. तीनमध्ये माणसं राहतात, चौथीला अजून बांधकामाच्या बल्ल्या लागलेल्या आहेत. जाहिरातीच्या रंगीत कागदावर स्विमिंग पूल होता. त्या जागी सध्या रेतीचा ढीग आहे आणि त्यावर कुत्री झोपतात. असू दे बापा, मला कुठे पोहायचं आहे! स्कीमचं नाव इंग्रजी. बाबांना ते सांगता येत नाही, म्हणून ऑटोवाल्याला ते सांगतात, "त्या कबुतरखान्यापाशी सोड."

आल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "होळी लोग राहतो. मंग मी आपला परतवाड्याले." म्हणजे मुक्काम होळीपर्यंतच. त्या घरी न्हाणीत ते दोनदा पडले होते, हे तुम्हीच मला फोन करून कळवलं होतं. त्यांना तिथे एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, आणि त्यांना दुसरं लेकरू नाही. म्हणजे ते गेले की मी गेले. माझं दार, माझे खिळे, सगळं भाडेकरूच्या हवाली करून मला त्यांच्यामागे जावं लागणार होतं. मी रोज सकाळी कॅलेंडरकडे पाहायची आणि होळी कशी लवकर येऊन राहिली म्हणून मनातल्या मनात चरफडायची.

बाबांना करमत नव्हतं हेही खरं. दुपारी कोणाच्या ओट्यावर बसावं तर ओटाच नाही. सारी दारं बंद. लिफ्टमध्ये मात्र त्यांना जरा बरं वाटायचं. "पुढं सरका, दरवाजा मोकळा ठेवा," असं ते म्हणायचे आणि लोक चक्क सरकायचे.

मग एका दुपारी लाईट गेली. बाबा खाली पारावर बसले होते. पार म्हणजे काय, वॉचमनच्या खोलीजवळचा कट्टा. लिफ्ट बंद, म्हणून जिन्यानं निघाले. आमचा मजला चौथा. जिन्यात मजल्यांचे आकडे तेव्हा रंगवले नव्हते. बाबांनी पार्किंगला एक धरलं आणि मोजत मोजत बरोबर एक मजला आधी थांबले. तिथलं दार हवेसाठी उघडं होतं. आत तसाच हॉल, तशीच खिडकी. चपला काढल्या, सोफ्यावर बसले आणि ओरडले, "बेबी, पाणी आण वं." साठीला टेकले तरी त्यांच्यासाठी मी बेबीच.

आतून डोक्यावर ओढणी घेत एक पोरगी आली. ती वैष्णवी, अकोल्याची लेक, लग्नाला तीन महिने झालेले. नवरा शुभम, बडनेऱ्याला रेल्वेत. तिनं पाहिलं, सोफ्यावर धोतर नेसलेले म्हातारे आबाजी बसले आहेत. लग्नात शंभर पाहुण्यांच्या पाया पडली होती, त्यातलेच हे कोणी असणार. तिच्या आईनं तिला निघताना शिकवून ठेवलं होतं की सासरचं मोठं माणूस आलं तर आधी पाया पड, मग चहा ठेव, नाव मागून समजते. नव्या सुनेनं म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही कोण?" विचारणं म्हणजे केवढी शोभा! ती वाकली. बाबांनी आशीर्वाद दिला. त्यांना वाटलं, माझ्या दवाखान्यातली कोणी शिकाऊ सिस्टर भेटायला आली आहे आणि मी आत स्वयंपाकघरात आहे.

चहा आला, मागून पोहे आले. बाबांनी चहाला नाव ठेवलं, पोहे मात्र संपवले. मग वर पाहिलं तर भिंत रिकामी. "फोटो कुठी गेला?" त्यांनी जोरात विचारलं. त्या बिचारीच्या लग्नाचा फोटो फ्रेमवाल्याकडे होता. ती म्हणाली, "फ्रेम कराले टाकला आबाजी, रविवारी भेटते." बाबा म्हणाले, "काच फुटली असंन. बरं केलं."

तेवढ्यात शुभम ड्युटीवरून आला. म्हाताऱ्याला पाहून त्याला वाटलं, अकोल्याकडचे कोणी मोठे आले. तोही वाकला. बाबांनी त्याला बसवून घेतलं आणि नोकरीत वेळ कशी पाळावी यावर चांगला अर्धा तास ऐकवलं. मग शुभम स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारतो, "तुमच्याकडचे कोण हायेत हे?" ती म्हणते, "माह्याकडचे? तुमच्याकडचे ना!" दोघं बाहेर येऊन उभे राहिले, पण विचारायची छाती दोघांचीही झाली नाही. बाबा तोवर सोफ्यावर आडवे झाले होते.

मी इकडे जीव मुठीत धरून शोधत होते. वॉचमन म्हणाला, आजोबा केव्हाचे वर गेले. पुन्हा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर चपला दिसल्या, अंगठा शिवलेल्या. आत डोकावले तर बाबा घोरत होते, आणि ते दोघं नवरा-बायको स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे उभे. सगळा उलगडा झाला तेव्हा आम्ही तिघं पोट धरून हसलो. बाबा उठले. त्यांना समजलं. ते हसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी पिशवी काढली. धोतर, बनियन, दाढीचं सामान भरायला लागले. "माणसाले सोताचं दार ओयखू येत नाई, तिथी राहून काय करू? उद्या जातो मी." माझाही तोल गेला. म्हटलं, "चला! उद्याच चला. मीही येते. सारा जन्म लोकाच्या क्वार्टरात गेला, आता तुमच्या घरात मरते. माझं दार काही खास नाही, राहील बंद." वडिलांना इतकं तोडून मी कधी बोलले नव्हते. पिशवीची चेन लावायची त्यांनी तशीच सोडली.

सकाळी बेल वाजली. वैष्णवी. "आबाजी, चहा ठेवला हाये. चाला."

बाबा खाली पाहून म्हणाले, "काल चुकून आलो होतो माय."

"मंग आज मुद्दाम या." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तीन महिने झाले आम्हाले इथी. बेल वाजते ते पार्सलवाल्याची. काल पहिल्यांदा घरात कोणी न विचारता येऊन बसलं. मले तं आईले फोन करून सांगाव वाटलं, का पाहुणे आले म्हणून."

बाबा गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्याही. चहाला नावं ठेवणं चालूच. पिशवी अर्धी भरलेली कोपऱ्यात पडून होती. मी तिला हात लावला नाही. होळी आली आणि गेली, आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

मग तापायला लागलं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वैष्णवी तर मोठ्या तोऱ्यात म्हणायची, "हे काहीच नाई, आमच्या अकोल्यात याच्याहून तापते." पण ज्यानं ही बिल्डिंग काढली त्याला वऱ्हाडातला उन्हाळा माहीत नसावा, कारण कूलर ठेवायला जागाच ठेवलेली नाही. लोकांनी गॅलरीत कूलर मांडले. वरचं पाणी खालच्यांच्या वाळत्या कपड्यांवर पडू लागलं. आमचं पाणी वैष्णवीच्या गॅलरीत. ती बोलली नाही, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांची जुंपली. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी नोटीस लावली की गॅलरीतले कूलर काढा, बिल्डिंगचा लूक खराब होतो.

बाबांनी ती नोटीस तीनदा वाचली. वैष्णवीला तेव्हा दिवस गेले होते आणि तिला उकाडा अजिबात सहन होत नव्हता. पार्किंगमध्ये मीटिंग झाली, तिथे बाबा उभे राहिले. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायचा तोच आवाज. "लूक पाहाले या उन्हात येऊन कोण राहिलं हो? त्या पोरीनं काय करावं, कागदावरल्या स्विमिंग पुलात जाऊन बसावं?" सारे हसले, सेक्रेटरीसाहेबसुद्धा. पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. आठ दिवस त्यांनी प्लंबरचा पिच्छा पुरवला. प्रत्येक गॅलरीतून एक बारीक पाईप खाली आणला, आणि कूलरचं सारं पाणी बिल्डिंगमागच्या लिंबाच्या रोपांना सोडलं. ते झालं तर पाण्याच्या टाकीचं झाकण, ते झालं तर गेटजवळचा अंधार. बिल्डरच्या माणसाची गाडी दिसली की बाबा काठी घेऊन निघालेच. तो माणूस आता मागच्या गेटानं येतो म्हणतात.

परवाच्या रविवारी मतदार यादीचं काम करणाऱ्या शाळेच्या मॅडम पार्किंगमध्ये टेबल मांडून बसल्या होत्या. मी माझं नाव इथल्या यादीत आणायला गेले. बाबांना मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. बाबासाहेबांनी दिलेलं मत आहे, असं म्हणत मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून परतवाड्याच्या शाळेत रांगेत पहिले उभे राहणारे बाबा, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ते मत तिथून हलवा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

मागे काठीचा आवाज आला. बाबा. हातात प्लॅस्टिकमध्ये जपलेलं मतदानाचं कार्ड.

"हे इथी आणाले काय लागते?"

मॅडमनी कार्ड पाहिलं. म्हणाल्या, "आजोबा, पाहुणे म्हणून आले असाल तर राहू द्या. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं."

"पाहुणा?" बाबा म्हणाले. "पाहुणा कुठी भांडत असते का हो बाई? परतवाड्याच्या नालीसाठी मी आता कोणासंग भांडतो? कोणासंगच नाई. आन् इथी माह्यं भांडण चालू हाये. ते अर्धं टाकून मी कुठी जाऊ?"

मी एवढ्या दिवसांत घर म्हणजे काय याचा पुष्कळ विचार केला होता. खिळे, दारावरचं नाव, चावी परत न द्यावी लागणं, असलं बरंच काही. बाबांचं उत्तर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपलं असेल तिथेच माणूस चिडतो. ज्या गावाशी भांडण उरत नाही, त्या गावाला आपण फक्त आठवतो. आणि खरं सांगते, तीस वर्षांत एकाही क्वार्टरच्या गळक्या छपरासाठी मी कोणाशी भांडले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, राहत्या पत्त्याचा कागद लागेल. तो कागद माझ्या नावाचा. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या ऑर्डरपर्यंत माझ्या प्रत्येक कागदावर बाबांचं नाव होतं. त्यांच्या कागदाला माझ्या नावाची गरज पडली ती त्या दिवशी पहिल्यांदाच. मी फॉर्मवर लिहायला बसले तर अक्षरं दिसेनात.

"रडून काहून राहिली वं?" बाबा खेकसले. "लाइन लागली मागं. लिह्य अगुदर."

मी लिहिलं. तर बायांनो, म्हणून हे पत्र. येत्या मतदानाला परतवाड्याच्या शाळेत बाबांसाठी जागा धरू नका. ते इथल्या शाळेत रांगेत पहिले असतील, आणि त्यांच्या मागं दुसरी मी.