तिखाडीचं नाव

बोरगाव मेघेच्या नंदिनीच्या जिवाला म्हणून चैन नव्हतं. गवतांवरच्या पीएचडीला सहावं वर्ष लागलं होतं आणि लिहून झालं होतं काय, तर आभार! प्रबंध उघडला की तिला चहा आठवे, चहा झाला की भांडी, आणि भांडी झाली की लॅपटॉपवरचा तो गाव वसवायचा गेम.

त्या गावात विद्वान असत. विद्वान आधी नुसता विचार करी, मग दुसऱ्याशी चर्चा करी, शेवटी ग्रंथ लिही. ग्रंथ झाला तरच ती विद्या गावाची. नंदिनीचा लाडका विद्वान अकरा वर्षं झाडपाल्यावर विचार करत होता. "अजून थोडं पिकू दे," म्हणत तिने त्याला ना चर्चेला पाठवलं, ना लिहायला बसवलं. रविवारी सकाळी तो तापाने गेला. पडद्यावर ओळ आली: ही विद्या आता कुणालाच ठाऊक नाही.

खेळातलं मरण ते! पण नंदिनीला धडकीच भरली. तिला श्रावणजी आठवले.

श्रावणजी तिच्या कॉलेजातले निवृत्त प्रयोगशाळा परिचर. जिल्ह्यातलं एकेक गवत ते वासावरून ओळखत. साहेबलोकांचे शोधनिबंध त्यांच्या पायपिटीवर उभे राहिले, नाव मात्र एकातही नाही. "प्रश्नावली नीट करून येते, काका," असं नंदिनी त्यांना तीन वर्षं सांगत होती. आता ती हात हलवतच निघाली. त्यांच्या जाम गावापर्यंत एसटीत तिला धड बसवेना.

श्रावणजी अंगणात होते. त्यांच्या बायकोने, मीराबाईंनी, तिला दारातच सांगितलं, "लय भुलून राह्यले वो आजकाल."

श्रावणजींच्या हातात गवताची काडी होती. ती चुरडून ते पुन्हापुन्हा नाकाशी नेत होते. "वळखीचं आहे पोरी. नाव काऊन येऊन नाई राह्यलं?"

नंदिनीला रडूच आलं. "तिखाडी, काका. याचं तेल गुडघ्याले लावतात. तुमीच तं शिकवलं मले, पह्यल्या वर्षी."

"मीनं?" म्हातारा खुलला. "अन् तू लिहून ठेवलं का?"

"नाई."

"मंग लिहून टाक ना बाप्पा. तू भुलली तं मी कोणाले विचारू?"

प्रश्नावली आजही तयार नव्हती. नंदिनीने डोळे पुसले आणि मीराबाईंकडे वही मागितली.