ओटीतलं हळकुंड

वसमतच्या एसटीत एक बाई शेजारी बसली. हळद शिजवून पिवळी पडलेली बोटं ती सारखी पदराला पुसायची. मी काय करते, तिनं विचारलं.

"कंप्युटरवर कॅन्सरचं औषध शोधते," मी ऐटीत म्हणाले. कॅन्सरच्या ज्या प्रथिनावर आम्ही काम करतो, त्यावर औषधाला बसायला खाचच नाही, एकही रेणू टिकत नाही, हे गिळलं.

तिनं पिशवीतलं हळकुंड माझ्या ओटीत घातलं. "हे बी घालून पाहा, ताई. माझ्या लेकीला तेच झालंय."

हळदीतला रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, खोटी आशा लावतो. औषधासाठी रेणू निवडताना आम्ही आधी तोच चाळून फेकतो.

"बघते," मी म्हणाले.

उतरता उतरता ती फोनवर लेकीला सांगत होती, "रडू नको गं. औषध सापडून राहिलंय."