साडेचार सेंटीमीटर

अर्धे कपडे दोरीवर गेले होते, उरलेले पीळ घातलेले तसेच बादलीत होते, तेवढ्यात धाकटीची नजर घड्याळावर गेली. पावणेसहा. तिनं ओले हात कुर्त्याला पुसले आणि उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या आवळायला घेतल्या.

"बाकीचे कोण घालणार वाळत? तुझे बूट?" मागून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"आल्यावर घालते."

"आल्यावर! तोवर कुबट वास मारतील. पण तुला काय त्याचं, तू वाऱ्यावर स्वार."

धाकटीनं दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. देवापुढे उभं राहताना मनात राग धरू नये, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. ती रोज पहाटे दिवा लावायची आणि रोज राग धरायची. देवाला सगळं कळतं म्हणतात, तेव्हा हेही कळत असेल, इतकाच तिला धीर होता.

दोघी जावा घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान चालवत. धाकटी मापं घ्यायची आणि शिवायची, थोरली कापायची. अठरा वर्षांची मापं एका जाड वहीत होती आणि टेप एकच होती, सासूबाईंच्या वेळची, पिवळी, कापडी. धाकटीच्या गळ्यात ती दिवसभर असायची. बोलताना दोन्ही टोकं धरून खाली ओढत राहायची तिला सवयच होती.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बसून बसून गुडघे धरतील, सकाळी चालत जा. ती चालायला लागली आणि चालता चालता कधी पळू लागली, तिचं तिलाही कळलं नाही. तेव्हापासून सकाळचा चहा, डबे आणि दुकानाचं शटर, सगळं थोरलीच्या गळ्यात पडलं. यंदा थंडी ओसरू लागली तशी एके दिवशी थोरलीनं भरल्या ताटावर विषय काढला.

"त्रेचाळीस वर्षांची बाई रस्त्यानं धावते. लोक मला विचारतात, मागे कुत्रं लागलंय का? काही तरी शेवट असू दे याला. झाडांना पालवी फुटली की त्या शर्यती सुरू होतात ना? त्यातल्या शेवटच्या शर्यतीत दहा किलोमीटर एका तासाच्या आत पळून दाखव. मग मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर बूट माळ्यावर आणि सकाळ माझी."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बस चालवायचा. रस्त्यावर सगळ्यांना हॉर्न मारणारा माणूस घरात कधी हॉर्न मारत नसे. ताटात बघत तो म्हणाला, "बरोबर आहे वहिनीचं."

मग धाकटीनं कालव्याच्या कडेचा रस्ता मोजला. सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचा घेर टेपेनं घेतला, दोनशे चार भरला. चारशे नव्वद फेरे म्हणजे एक किलोमीटर. पुलापासून सायकल हातानं ढकलत, प्रत्येक फेऱ्याला जपमाळेचा एक मणी सरकवत ती गेली आणि जिथे हिशेब संपला तिथल्या विजेच्या खांबावर कपड्यांच्या खडूनं फुली मारली. पूल ते फुली, फुली ते पूल, असं पाच वेळा.

त्रेसष्ट मिनिटं. बासष्ट. एकदा तर रडकुंडीला येऊन एकसष्ट आणि वर तीस सेकंद. त्याच्या खाली काटा येईना. घरी आल्यावर थोरली न चुकता विचारायची, "किती?" आकडा ऐकून कात्री उचलायची आणि म्हणायची, "माळा झाडून ठेवते मी."

मोसमातली पहिली शर्यत पाच किलोमीटरची होती. धाकटीला तिथे साडेतीस मिनिटं अपेक्षित होती. लागली एकोणतीस पंचवीस. कुणी दुसरी असती तर नाचली असती. हिला मात्र संशय आला. दुसऱ्या दिवशी ती सायकल, चिंधी आणि माळ घेऊन शर्यतीच्या रस्त्यावर गेली आणि मोजून आली. जवळजवळ दीडशे मीटर कमी!

शर्यती भरवणारे व्यायामाचे मास्तर मैदानावर टेबल टाकून पुढची नावं घेत बसले होते. तिनं सगळ्यांसमोर वहीचं पान त्यांच्यापुढे आपटलं.

"मास्तर, अंतर चोरलंत तुम्ही."

"कशानं मोजलंत?"

तिनं गळ्यातली टेप काढून दिली. "अठरा वर्षं हिच्यावर पोट भरतंय. एक कपडा परत आलेला नाही."

मास्तरांनी खणातून पोलादी टेप काढली, टेबलावर सरळ पसरली आणि तिच्यावर ही पिवळी ठेवली. पिवळीचे दीडशे सेंटीमीटर संपले तेव्हा खाली पोलादी टेपेवर एकशे चौपन्न आणि अर्धा होता.

"बाई, तुमची टेप ताणलीय."

"मग कपडे कसे बसतात?"

"माणूसही हिनंच मोजता, कापडही हिनंच. चूक दोन्हीकडे सारखी, मग कोण तक्रार करणार?"

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. "शिंपीणबाई, मास्तरांचंही माप घेऊन टाका, उंची कमी भरेल!" धाकटीचे कान तापले. टेप गुंडाळून ती तशीच घरी आली.

थोरली कापड अंथरून बसली होती. धाकटीनं टेप तिच्यापुढे टाकली.

"ताणलीय ही."

"साडेचार ना?" मान वर न करता थोरली म्हणाली. "चार वर्षांपूर्वी चार होतं."

"तुम्हाला माहीत होतं? मी दोन महिने त्या खांबापाशी जीव काढतेय, रोज तुम्ही आकडा विचारताय, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"तू विचारलं नाहीस."

"जाऊबाई!"

"ओरडू नकोस. नवी टेप आली की ही सगळी वही फुकट. नव्या टेपेनं जुनी मापं कापली तर गावभर घट्ट कपडे जातील. एकेकाला बोलावून पुन्हा मापं कोण घेणार? तू? सकाळी तर तू घरात नसतेस." तिनं कात्री चालवली. "आणि खरं सांगू? तू रडत यायचीस ना, तेव्हा बरं वाटायचं मला. दोन वर्षं तुझं शटर उचलतेय मी."

धाकटीनं टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला, पण हात जोडले नाहीत.

शेवटच्या शर्यतीच्या त्या सकाळी, बादली तशीच टाकून, ती रागानंच सुटली. पहिले चार किलोमीटर भलत्याच वेगात गेले आणि सातव्याला त्याचं फळ मिळालं: पोटऱ्या दगड झाल्या, घशात लोखंडाची चव आली. देवाचं नाव घ्यायला गेली तर तोंडात थोरलीचंच वाक्य येई, बरं वाटायचं मला, बरं वाटायचं मला. त्याच तालावर तिनं पावलं टाकली. शेवटच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ आडवे आले, त्यांना कोपरानं बाजूला सारून ती रेषेवर कोसळली.

एकोणसाठ मिनिटं, बावन्न सेकंद. मास्तरांनी आकडा कागदावर लिहून सही करून दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. चोर म्हटल्याची माफी तिनं मागितली नव्हती आणि आताही मागितली नाही.

घरी थोरलीनं कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला.

"आठ सेकंदांनी," ती म्हणाली. "एक शिंक आली असती तर गेली होतीस."

"नाही आली."

"मग उद्याही जाणार?"

"उद्याही."

"माझी सकाळ गेली म्हणायची." थोरलीनं कागद परत दिला. "वहीला हात लावायचा नाही. ती पिवळ्या टेपेवरच चालेल. बादली तुझी तशीच पडलीय."

बादली खरंच सकाळपासून तशीच होती. कपड्यांना कुबट वास सुटला होता. धाकटीनं ते पुन्हा पाण्यातून काढले, पिळले, एकूण एक दोरीवर घातले. मग पिवळी टेप गळ्यातून काढून वहीवर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात स्वतःसाठी, रस्ता मोजायला, नवी टेप आणायला निघाली.