अण्णांची इटली

पंधरा दिवस उत्तर इटलीत पाठीवर ओझं घेऊन हिंडायचं आणि तिथली एकही नावाजलेली गोष्ट धड न पाहता परत यायचं, हे जमलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो बंगळूरच्या रेशीम खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. मी हे तक्रारीने सांगत नाही. एके काळी तक्रारीने सांगत असे. आता सांगताना माझ्या आवाजात अभिमान येतो, असं घरचे म्हणतात. सगळं खातं त्यांना अण्णा म्हणे, साहेबसुद्धा. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यासारख्या बेळगावकडच्याला अर्धं कानडी वाटे आणि पुण्याच्या पाहुण्यांना पूर्ण. वयाने ते माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे होते, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘तम्मा’ म्हणून धाकटा भाऊ करून टाकलं, आणि मला त्यावर काही बोलायची संधी मिळाली नाही.

अण्णांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. त्यांचा सगळा भरवसा उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर. कापड दिसलं की ती दोन बोटं आपोआप पुढे जात आणि काठ चिमटीत धरून हळूच चोळत. त्यांना त्यातून सूत कुठलं, पीळ किती, कोष पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, हे कळत असे, आणि आम्ही यंत्रावर तपासून पाहिलं तेव्हा ते क्वचितच चुकलेले निघाले. खात्याच्या समारंभात त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यावरचं उपरणं पाहुणे भाषण करत असतानाच तपासलं होतं. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही मुलीने पोह्यांची बशी पुढे केली आणि यांनी बशीऐवजी तिचा पदर धरला. सगळे गारठले. “हे तुमच्या घरचं नव्हे,” अण्णा म्हणाले. मुलगी खाली मान घालून म्हणाली की शेजारच्या काकूंचं आहे. खरं बोलणारी बायको मिळाली म्हणून अण्णांनी तिथेच होकार दिला, आणि त्या माउलीने पुढे जन्मभर त्यांना घरात येणाऱ्या कुठल्याही बाईजवळ बसू दिलं नाही.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत सरकारला माणसं परदेशी पाठवून शिकवून आणायची फार हौस होती. तशी आमची दोघांची सहा महिन्यांसाठी मिलान शहरातल्या एका संस्थेत रेशीम तपासण्याचं शिक्षण घ्यायला निवड झाली. शिक्षण मे महिन्यात संपणार होतं आणि जिनोव्हाहून आमची बोट जूनच्या मध्याला होती. मधल्या दिवसांत इटली पाहायची, असं मी निघण्याआधीच ठरवलं होतं. हॉटेलात राहण्याची ऐपत नव्हती, म्हणून बंगळूरच्याच शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून लष्करी कॅनव्हासच्या दोन पाठपिशव्या घेतल्या. तिथल्याच एका शिंप्याने मला आयुष्यातला पहिला सूट शिवून दिला. अण्णांच्या पिशवीत दोन धोतरं, एक ब्लँकेट आणि बाकी सगळी जागा भरून चटणीपूड आणि पोहे होते. माझ्या पिशवीत नकाशा आणि इटालियन शिकवणारं पुस्तक होतं. सहा महिने मी रोज एक धडा केला. प्रवासाचा शेवट व्हेनिसमध्ये करायचा, पाण्यातल्या त्या शहरात चार दिवस राहायचं, हे मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र पाहिल्यापासून मनात धरलं होतं. अण्णांना मी सगळा बेत वाचून दाखवला. ते प्रत्येक गावाला “सरी” म्हणाले. कानडीत ‘बरं’ म्हणायची ही रीत, आणि तिच्यात होकार किती आणि ऐकून घेणं किती, हे मला तोवर कळलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं. कोमो गावात लोक तळं पाहायला येतात. अण्णांनी तळ्याकडे पाठ केली आणि एका रेशमी रुमालांच्या दुकानाच्या काचेपुढे सकाळ घालवली. दुकानदारीणबाईंनी शेवटी त्यांना आत बोलावलं. दुसऱ्या एका गावात चित्रांचं मोठं संग्रहालय होतं. तिथे स्वर्गातून उतरणारे देवदूत, रडणाऱ्या बायका, जखमी साधू, सगळ्यांवरून अण्णांची नजर घसरत जाई आणि कोणाच्या तरी झग्यावर थांबे. “याने कापड बघून काढलंय,” एवढंच ते एका चित्रकाराविषयी म्हणाले, आणि मी पुढे त्या चित्रकाराविषयी जितकं वाचलं त्यात याहून मोठी स्तुती मला आढळली नाही. बोलण्याचं तर विचारूच नका. मी पुस्तकातली शुद्ध वाक्यं बोले आणि लोक माझ्याकडे दयेने पाहत. अण्णा आपलं बंगळुरी मराठी बोलत, आणि म्हाताऱ्या बायका त्यांना उत्तरं देत. पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला ते अक्का म्हणत. त्या वळून पाहत, हसत, आणि आम्हाला गवताच्या माळ्यावर झोपायला जागा मिळे.

बर्गामोच्या डोंगरावरच्या जुन्या गावात मात्र त्यांच्या दोन बोटांनी आम्हाला अडचणीत आणलं. आम्ही एका चर्चमध्ये शिरलो तेव्हा पूजा नुकतीच संपली होती. पाद्रीबाबा पांढराशुभ्र जरीकाठी झगा घालून आमच्या जवळून चालले होते, आणि मी अण्णांचा हात धरीपर्यंत झग्याची कड त्यांच्या चिमटीत गेली होती. म्हातारे पाद्रीबाबा थांबले. मी पुस्तकातलं क्षमा मागण्याचं वाक्य आठवू लागलो. अण्णांनी कड उलटी केली, पाहिली, आणि हात गालाखाली धरून डोकं डुलवलं, जुनं आहे, फार चांगलं आहे, अशा अर्थाने. मग बोटाने हवेत एक अळी चालवून दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पाद्रीबाबा त्या अळीकडे पाहत राहिले. त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं, कपाटं उघडली आणि दोनशे वर्षांचे झगे एकामागून एक अण्णांच्या हातात दिले. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांची आई रेशमाच्या अळ्या वाढवत असे, आणि वर डोंगरातल्या खेड्यात त्यांची थोरली बहीण अजून वाढवते, असं त्यांनी सांगितलं. आता तिथेही फारसं कोणी हे करत नाही. त्यांनी बहिणीला चार ओळी लिहून दिल्या. एक रात्र राहू आणि पुढे जाऊ, असं मी म्हणालो. “सरी,” अण्णा म्हणाले.

त्या खेड्याला जायला बस होती, आणि बस संपली तिथून तासाभराची चढण. पंधरा-वीस दगडी घरं, प्रत्येकाच्या अंगणात तुतीचं झाड. पाद्रीबाबांच्या बहिणीचं वय सत्तरीचं, कंबर वाकलेली, आणि भाच्याशिवाय दुसरं कोणी नाही. तो भाचाही दिवसभर लाकूडकामावर. चिठ्ठी तिने वाचली नसावी, कारण तिच्या हातात तुतीच्या फांद्या होत्या आणि अण्णांनी त्या न विचारता काढून घेतल्या. वरच्या मजल्यावर देवनळाच्या चटयांचे पाच थर होते आणि त्यांवर हजारो अळ्या, शेवटची कात टाकलेल्या, बोटाएवढ्या. या वयात त्या अखंड खातात आणि आठवडाभरात कोष करायला काटक्यांवर चढतात. अण्णांनी एक अळी तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. रात्री अक्कांनी मक्याच्या पिठाचा पिवळा गोळा वाढला. अण्णांनी ओळखलं, हे आपल्याकडचं मुद्देच, तोच उकडलेला गोळा, फक्त नाचणीच्या जागी मका. मुद्दे चावायचं नसतं, गिळायचं असतं, हे त्यांनी अक्कांना दोनदा करून दाखवलं. अक्कांना ठसका लागला आणि नंतर खूप वेळ हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला आणि थांबेना. रेशमाच्या धंद्यात नसलेल्यांना सांगायला हवं की या अळ्यांना ओलं पान चालत नाही. खाल्लं की पोट बिघडतं आणि दोन दिवसांत चटईच्या चटई काळी पडून लोंबते. आणि उपाशीही ठेवता येत नाही. भाच्याने दोऱ्या बांधून फांद्या चुलीवर टांगल्या, पण धगीने पान कोमेजलं की अळी त्याला तोंड लावत नाही. तिसऱ्या दिवशी अक्का जिन्यावर बसून राहिल्या. त्या रडल्या नाहीत. फक्त हात मांडीवर उलटे ठेवून बसल्या होत्या. अण्णांनी पिशवीतून आपलं एक धोतर काढलं, उभं फाडलं, आणि चुलीशी मांडी घालून एकेक पान दोन्ही अंगांनी पुसायला लागले.

मी त्यांना आठवण करून दिली की आज निघालो नाही तर व्हेनिस राहील, आणि त्यानंतर बोटीला जेमतेम वेळ उरेल. ते पान पुसत राहिले. मी सगळा राग काढला. सहा महिन्यांचा बेत, शाळेपासूनचं स्वप्न, सगळं बोललो.

“तम्मा,” ते म्हणाले, “ते व्हेनिस इतकी वर्षं पाण्यात उभं आहे. आणखी स्वल्प दिवस उभं राहतंय. हे राहत नाहीत.” मग पुढचं पान उचलून म्हणाले, “तू जाऊन ये. मी रागावणार नाही. खरंच जा.”

ते खरंच रागावले नसते, हे मला ठाऊक होतं, आणि त्यानेच मला जास्त राग आला. मी पिशवी पाठीला लावली आणि पावसातून तासभर उतरून बसच्या थांब्यावर गेलो. बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चढलो नाही. का नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की एका माणसाला दिवसात किती पानं पुसता येतील आणि अळ्या किती खातील, याचा हिशेब मी सारा उतार मनात करत होतो आणि तो जमत नव्हता. मी वर पोचलो तेव्हा अण्णांनी सरकून चुलीशी जागा केली आणि पानांचा एक ढीग माझ्याकडे लोटला.

चार दिवस आम्ही पानं पुसली. पहिलं धोतर संपल्यावर दुसरं, मग सदरे, मग ब्लँकेट, आणि शेवटी शिवाजीनगरचा सूट, ज्याचं अस्तर या कामाला फार उत्तम आहे असं अण्णांचं मत पडलं. भाच्याने लाकूडकाम बंद ठेवलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या टॉवेल घेऊन आल्या. बोलणं कोणाचं कोणाला कळत नव्हतं आणि त्यामुळे काही अडलं नाही. एक चटई गेली, ती अण्णांनी स्वतः उचलून नेऊन पुरली. पाचव्या दिवशी ऊन पडलं, आणि त्या दुपारी पहिल्या अळीने मान वर करून इकडेतिकडे डोलवायला सुरुवात केली. अक्कांनी वाळक्या काटक्यांचे भारे आणले. संध्याकाळपर्यंत सगळ्या अळ्या काटक्यांवर चढत होत्या. निघताना अक्कांनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि त्यांची ती दोन बोटं आपल्या कपाळाला लावली. अण्णांना काय करावं ते कळेना. त्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

बोट मिळाली, पण हिरव्या डागांचा सूट आणि अक्कांच्या दिवंगत नवऱ्याची विजार घातलेले दोन सरकारी नोकर पाहून बोटीवरच्या अधिकाऱ्याने आमचे कागद तीनदा तपासले. बंगळूरला साहेबांनी प्रवासाचा अहवाल मागितला. अण्णांनी मिलानच्या सहा महिन्यांवर एक पान लिहिलं आणि त्या खेड्यावर अकरा. साहेबांनी तो अहवाल अनेक दिवस स्वतःच्या खणात ठेवून घेतला, असं मला नंतर शिपायाने सांगितलं.

त्यानंतर दरवर्षी जुलैत अण्णांना एक पाकीट येई. अक्का सांगत आणि त्यांचे भाऊ मोडक्या इंग्रजीत लिहीत. पाकिटात कापसात गुंडाळलेला एक कोष असे. साठ साल उलटलं, अण्णांच्या कानांवरचे केस पिकले, मी दुसऱ्या विभागात गेलो, पण पाकीट आलं की ते मला बोलावून घेत आणि कोष आधी माझ्या हातात देत. मग एका वर्षी पाकीट ऑगस्टात आलं, आणि त्यात कोष नव्हता. भाचा शहरात कारखान्यात लागला. अक्कांचे गुडघे आता जिना चढत नाहीत. या वर्षी त्यांनी अळ्या घेतल्या नाहीत, आणि पुढे घेतील असं वाटत नाही. अण्णांची माफी मागावी, असं त्यांनी भावाला तीनदा सांगितलं होतं, म्हणून त्याने ते तीनदा लिहिलं होतं.

अण्णांनी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. माझं अक्षर बरं, म्हणून उत्तर मी लिहायचं ठरलं. गुडघ्यांना लावायच्या तेलाची कृती त्यांनी सविस्तर सांगितली. खिडकीबाहेर ऊन कडक होतं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊसच झाला नव्हता; बंगळूरजवळच्या होसकोटेकडे तुतीला पान उरलं नव्हतं, आणि शेतकऱ्यांनी अळ्या उकिरड्यावर टाकल्याचे कागद आदल्याच आठवड्यात अण्णांच्याच सहीने वर गेले होते.

“लिही,” अण्णा म्हणाले, “आमच्याकडे यंदा पीक फार चांगलं आलंय. त्यातलं स्वल्प तुमचंच समजा.”

मी लिहिलं, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.